कॉम्प्युटरशेजारची वही

आमच्या कॉम्प्युटरच्या टेबलाला एक शंभर पानी वही सुतळीने बांधलेली आहे. नातू चित्रं काढायला ती पळवतो, म्हणून सुतळी. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात तीन ओळी आहेत: "१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला लाइट गेले. कॉम्प्युटर अपडेटवर होता, ३८ टक्के."

तो दिवस इकडच्या कुणालाही आठवेल. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. लाइट आल्यावर आमचा कॉम्प्युटर सुरू झाला, पण पडद्यावर 'ऑटोमॅटिक रिपेअर' एवढंच यायचं, मग अंधार, मग पुन्हा तेच. दोन दिवस वाट बघून आम्ही तो स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "मॅडम, झाला तुमचा पीसी. फॉरमॅट मारला." त्या फॉरमॅटमध्ये आमचे नऊ वर्षांचे फोटो गेले. माझ्या आईचा शेवटचा गणपतीही त्यातच होता. तो मुलगा वाईट नव्हता. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही घातली. पतपेढीत सत्तावीस वर्षं खतावण्या लिहिलेला हात आहे, लिहून ठेवलं की जिवाला बरं वाटतं. कॉम्प्युटर मी २००३ साली एमएस-सीआयटी करून शिकले. आज ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीतल्या सात घरांचे कॉम्प्युटर आणि लॅपटॉप माझ्या नजरेखालून जातात. कुणाचा अडला की आधी इंटरकॉम वाजतो, मग मी वही घेऊन जाते. त्या वहीतलं इथे उतरवते आहे. सगळं विंडोजबद्दल आहे, कारण या सातही घरांत तेच आहे.

अपडेटला वार ठरवून द्या

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. २०२० नंतर मी वर्षभर अपडेट बंदच करून ठेवले होते. ते चुकीचं होतं. मग मी वाचलं. २०१७ साली वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तो दिवस १२ मे. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट आला होता १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. जून अखेरीला नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, त्यानेही ती फट वापरली, आणि इथे आपल्या शेजारी उरणला जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. एक अपडेट लावला असता तर प्रत्येक ठिकाणचं संकट टळलं असतं असं नाही, कारण नॉटपेट्याला शिरायला इतरही वाटा होत्या. पण दार उघडं ठेवून झोपायचं कशाला?

तेव्हा बंद करायचं नाही. कधी लावायचा ते मात्र आपण ठरवायचं.

मायक्रोसॉफ्टचा महिन्याचा मोठा सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतो. तिकडे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे ठाण्यात तो बुधवारी सकाळी हाताशी येतो, नेमका सगळे घाईत असतात तेव्हा. मी त्याला त्या दिवशी हात लावत नाही. तीन-चार दिवस थांबते. एखाद्या अपडेटमध्ये खोट असेल तर तेवढ्यात जगभर बोंब होते आणि बऱ्याचदा दुरुस्तीही येते. माझा वार शनिवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर. नातू क्लासला, मुलगा आणि सूनबाई घरी, कुणाचं काम अडत नाही.

हे जमवायला सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा. तिथे 'पॉज अपडेट्स' आहे, एक आठवडा निवडा. जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं, त्यानंतर अपडेट लावल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही. त्याच पानावर 'अपडेट्स उपलब्ध होताच लगेच मिळवा' अशा अर्थाचं एक इंग्रजी बटण आहे, ते बंदच असू द्या. महिन्याच्या शेवटाकडे 'प्रिव्ह्यू' असं लिहिलेला ऐच्छिक अपडेट येतो, तोही मी घेत नाही. त्यातलं पुढच्या महिन्याच्या मोठ्या अपडेटमध्ये येतंच. हे अपडेट एकावर एक रचलेले असतात, नव्यात जुनं सगळं असतं. एखादा महिना चुकला म्हणून मागचं गोळा करत बसावं लागत नाही.

मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'ॲक्टिव्ह अवर्स' स्वतः भरा. तेवढ्या वेळात कॉम्प्युटर आपणहून रीस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त अठरा तास देता येतात. मी सकाळी सहा ते रात्री बारा दिले आहेत.

सूनबाई कधी कधी लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवते. तिथे त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करून ठेवा. नाहीतर दिवसाचा दीड जीबी डेटा लॅपटॉप एकटाच पिऊन टाकतो आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर कळतं, की फोनवर नकाशाही उघडत नाही.

वर्षातून एकदा येणारा मोठा फीचर अपडेट वेगळा. त्यात विंडोजची आवृत्तीच बदलते, वेळ लागतो, जागा लागते. त्याला मी एक-दोन महिने थांबवते. लावल्यावर पहिले दहा दिवस परत जायची सोय असते, सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. दहा दिवसांनी ती जाते. म्हणून लावल्याबरोबर प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग, सगळं त्याच आठवड्यात वापरून बघते. तारीख वहीत.

लावण्याआधी

तीन गोष्टी. फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे, चावी कागदावर, विजेची सोय.

पहिली मला विचारूच नका, मी ती ठेच खाल्लेली आहे. महिन्यातल्या त्या शनिवारी मी आधी बाहेरची हार्ड डिस्क लावते, 'पिक्चर्स', 'डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप तिच्यावर उतरवते, दोन-चार फाइली उघडून बघते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही सोय नव्हे. व्हायरस कॉम्प्युटरबरोबर तिलाही खातो.

चावीचं मात्र सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. नव्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या, डिस्क आपोआप कुलूपबंद होते. त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. रोज वापरताना याचा पत्ताही लागत नाही. सूनबाईच्या लॅपटॉपवर एकदा विंडोजच्या अपडेटबरोबर बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा, अपडेटही आला. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा, 'बिटलॉकर रिकव्हरी', आणि खाली रिकामी चौकट. तिचं दहा वाजता प्रेझेंटेशन. तिला वाटलं पासवर्ड मागतोय, तिने माहीत असलेले सगळे टाकून पाहिले. पासवर्ड नव्हे, तो ४८ आकडी नंबर मागत होता. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, हीच ती चावी. तो तिच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेला होता. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून मी एकेक गट वाचत गेले, ती टाकत गेली. लॅपटॉप उघडला तेव्हा पावणेदहा झाले होते.

तुम्ही आजच बघून घ्या. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. चालू असेल तर मोबाइलवरून खात्यात जाऊन चावी शोधा आणि कागदावर लिहा. कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको, पासबुकं ठेवता तिथे ठेवा. मी या वहीतसुद्धा चावी लिहीत नाही, वही सगळ्यांच्या हाताला लागते.

तिसरं वीज. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच अपडेट करा. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा साधा यूपीएस असतो, तो दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. पूर्ण अपडेट त्याच्यावर होईल असं समजू नका, तो झटका सांभाळण्यापुरता. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते आणि ते वीज जाईपर्यंत कळत नाही. म्हणून मी सहा महिन्यांनी एकदा कॉम्प्युटरवर काही महत्त्वाचं उघडं नाही असं बघून यूपीएसची पिन सरळ भिंतीतून काढते आणि घड्याळ लावते. मागच्या वेळी चार मिनिटं निघाली, बॅटरी बदलली. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर ठरलेल्या देखभालीचा एसएमएस येतो, तो वाचूनच वेळ ठरवा. जून-जुलैत येऊरच्या बाजूने ढग चढले आणि कडकडायला लागलं, की माझा शनिवार पुढच्या शनिवारी जातो.

एकदा अपडेट सुरू झाला की पडद्यावर टक्के दिसतात. ते एका आकड्यावर अर्धा तास थांबतात आणि माणसाचा धीर सुटतो. पी हळद अन् हो गोरी असं ते काम नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर दीड-दोन तास सहज, एसएसडी या नव्या, वेगवान डिस्कवर बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत होतं. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. मी एकाच आकड्यावर तीन तास झाल्याशिवाय बटणाला हात लावू देत नाही.

अपडेट लागतच नसेल तर

इथे लोक पहिली चूक करतात ती म्हणजे सगळे उपाय एकदम. व्हिडिओ बघून पाच ठिकाणी क्लिक केलं, चालू झालं तर कशाने झालं कळत नाही, बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट करा, वहीत लिहा, मग पुढची. चुकीचा संदेश आला तर त्याचा आकडा मोबाइलने फोटो काढून ठेवा.

सगळ्यात आधी रीस्टार्ट. 'शट डाउन' करून परत चालू केलं ते चालत नाही. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते, तिच्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, अर्धा झोपवून ठेवलेला असतो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र तो नव्याने उभा राहतो. शेजारच्या वहिनींनी मला तीनदा शपथेवर सांगितलं, "अहो, रोज बंद करते मी." रोज बंद होत होता, पण रीस्टार्ट महिनाभर झाला नव्हता. एका रीस्टार्टने काम झालं.

मग जागा. ०एक्स८००७००७० असा आकडा आला तर त्याचा सरळ अर्थ, डिस्क भरली. सी ड्राइव्हवर वीसेक जीबी मोकळे हवेत. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, 'टेम्पररी फाइल्स'. तिथे यादी येते आणि प्रत्येकासमोर चौकट. या यादीत 'डाउनलोड्स'सुद्धा असतं, त्यावर खूण करू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि मुलीच्या प्रवेशाची सगळी पीडीएफ गेली, कारण आपण सगळे डाउनलोडमध्येच साठवतो. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' काढलं तर बरीच जागा सुटते, पण मागे जायची वाट बंद होते, तेवढं लक्षात ठेवा.

मग घड्याळ. हे कुणाला सुचत नाही आणि जुन्या डेस्कटॉपवर फार वेळा हेच असतं. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख बघा. पाच-सात वर्षं मागची दिसत असेल तर इंटरनेट चालू असूनही साइट उघडत नाहीत, 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं आणि अपडेटही अडतो. कॉम्प्युटर समोरच्याचं प्रमाणपत्र तारखेवरून तपासतो, तारीखच चुकली तर सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटतात. तारीख दुरुस्त केली आणि मेन बटण बंद केल्यावर ती परत मागे गेली, तर मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, सेल संपला. रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो, त्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं, गोखले रोडला घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. तळमजल्यावरच्या आजोबांना कुणीतरी नवीन मदरबोर्ड सुचवला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तो सेल बदलून आज तीन वर्षं झाली, कॉम्प्युटर चालू आहे.

हे तिन्ही ठीक असेल तर कीबोर्ड-माउस सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढा आणि सेटिंग्ज, सिस्टिम, 'ट्रबलशूट', 'अदर ट्रबलशूटर्स' यांत 'विंडोज अपडेट'समोरचं 'रन' दाबा.

त्यानेही नाही झालं तर उतरवलेली अर्धवट फाइल बहुधा खराब असते. तेव्हा स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. लांबलचक यादी येईल. त्यात 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोघांवर राइट क्लिक करून 'स्टॉप'. मग सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन' नावाचं फोल्डर. ते पुसू नका, नावाच्या शेवटी 'ओल्ड' जोडा. रीस्टार्ट करा. विंडोज नवं फोल्डर बनवून अपडेट पहिल्यापासून उतरवतं. जुन्या अपडेटची यादी रिकामी दिसेल, घाबरू नका. आठवडाभर सगळं ठीक चाललं की ते 'ओल्ड' पुसा.

यापुढचा उपाय मी माझ्या धाकट्या दिराला ऐरोलीला फोनवर सांगितला होता, तसाच सांगते. "भाऊजी, स्टार्टमध्ये सी एम डी टाइप करा. 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल, त्यावर राइट क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. काळी खिडकी उघडली? आता इंग्रजीत डी आय एस एम. मग एक स्पेस. मग तिरकी रेघ, प्रश्नचिन्हाच्या कळीवरची, उजव्या शिफ्टला लागून आहे ती. तिला चिकटून ऑनलाइन. स्पेस. पुन्हा तिरकी रेघ, क्लीनअप, आडवी छोटी रेघ, इमेज, सगळं चिकटून. स्पेस. तिरकी रेघ, रिस्टोअरहेल्थ, एका दमात. एंटर. आता वीस-पंचवीस मिनिटं त्याच्याकडे बघू नका, चहा घ्या. झालं की एस एफ सी, स्पेस, तिरकी रेघ, स्कॅननाऊ, एंटर." पहिली आज्ञा विंडोजचा मूळ साठा दुरुस्त करते, दुसरी त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइली बदलते, म्हणून क्रम तोच ठेवायचा. भाऊजींनी पहिल्यांदा उलटी रेघ दिली होती, एंटरच्या वरची, त्यामुळे चूक आली. तेवढं जपा.

विंडोज इलेव्हनमध्ये रिकव्हरीच्या पानावर 'विंडोज अपडेट वापरून दुरुस्ती' अशा अर्थाचं एक बटण आता आलं आहे, त्यात तुमच्या फाइली आणि प्रोग्राम राहतात आणि विंडोज तेवढं नव्याने बसतं. 'रिसेट धिस पीसी'च्या आधी ते करून बघा. रिसेटमध्ये 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी बसवलेले प्रोग्राम जातात.

आणि आपल्या लिपीचं एक सांगायचं आहे. सोसायटीच्या नोटिसा मी कोकिळा फॉन्टमध्ये करते. एकदा रिसेटनंतर सगळ्या नोटिसांची अक्षरं बदलली, ओळी सरकल्या, एका पानाची दोन झाली. मला वाटलं फाइली खराब झाल्या. तसं नव्हतं. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज टेनपासून ऐच्छिक केले आहेत, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ते असतीलच असं नाही. 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधा आणि बसवा. फॉन्ट आले तशा नोटिसाही जागेवर आल्या. कीबोर्ड बदललेला वाटला तर विंडोजची कळ आणि स्पेस दाबून बघा. २०१९ पासून मराठीचा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारा) कीबोर्डही विंडोजमध्येच आहे, त्यामुळे इन्स्क्रिप्ट हा मराठी कळांचा कीबोर्ड वापरणाऱ्यांना कधी कधी वेगळीच अक्षरं उमटताना दिसतात.

अपडेट लागला, पण प्रिंटर किंवा आवाज गेला, तर आधी ते यंत्र सेटिंग्जमधून काढून पुन्हा जोडा. तरी नाही तर 'अपडेट हिस्टरी', 'अनइन्स्टॉल अपडेट्स', आणि तारीख बघून तेवढा एक काढा, मग दोन आठवडे पॉज.

सुरूच होत नसेल तर

पंखा फिरतो पण पडदा काळा, किंवा चालू करताच बीप बीप, तर तो बहुतेक वेळा अपडेटचा दोष नसतो. खाडीकाठचं आपलं गाव, पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तशीच रॅमच्या, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीच्या, पितळी दिसणाऱ्या कडेवर काळपट झाक येते. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा. झाकण उघडा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खुंट्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. तिची सोनेरी कड पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, दोन्ही बाजूंनी, आणि कचरा फुंकरीने नाही, कोरड्या ब्रशने झाडा. फुंकरीत थुंकी असते. खाच बघून परत बसवा आणि दोन्ही खुंट्यांचा 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. माझ्या वहीत हा उपाय नऊ वेळा आहे, त्यातल्या सात नोंदी जून ते सप्टेंबरच्या.

विंडोजचं चिन्ह येऊन तिथेच अडकत असेल तर चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोनदा केलं की पुढच्या वेळी तो स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या पानावर जातो. 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'अनइन्स्टॉल अपडेट्स', 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट'. २०२० साली मला हे पान समोर दिसत होतं आणि मी त्याला घाबरून बंद करत होते. त्याच पानावरून 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये जाऊन ४ दाबलं की सेफ मोड येतो, म्हणजे गरजेपुरतंच विंडोज चालू होतं. तिथे कॉम्प्युटर नीट चालला तर बिघाड विंडोजच्या गाभ्यात नाही, नंतर घातलेल्या कशात तरी आहे.

जुन्या कॉम्प्युटरचं काय

आमचा डेस्कटॉप २०१६ चा, इंटेलच्या सहाव्या पिढीचा. विंडोज इलेव्हनला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे आमचा बसत नाही. विंडोज टेनचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय जाहीर झाली, पण नाव नोंदवावं लागतं. 'विंडोज अपडेट'च्या पानावर 'एनरोल नाऊ' येतं. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांचे १००० रिवॉर्ड पॉइंट. मी बॅकअपवाला मार्ग घेतला. युक्ती करून जुन्या यंत्रावर इलेव्हन बसवून देणारे आहेत, मी ते सोसायटीत कुणाला करू दिलेलं नाही. पुढे अपडेट मिळतील याची हमी नाही, आणि आपण एवढं सगळं करतो ते अपडेटसाठीच ना? नुसतं ब्राउझर आणि नोटिसा असतील तर जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट छान चालतं, नातवाने पेनड्राइव्हवरून मला चालवून दाखवलं आहे.

खोट्या अपडेटपासूनही जपा. तळमजल्यावरच्या आजोबांच्या कॉम्प्युटरवर एकदा अख्खा पडदा निळा झाला, जोरात भोंगा, 'विंडोज अपडेट न केल्यामुळे कॉम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा'. त्यांनी आधी मला फोन केला, हे त्यांचं शहाणपण. खरा अपडेट ब्राउझरमध्ये कधीच येत नाही आणि मायक्रोसॉफ्टच्या संदेशात फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ४, तेही नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. चुकून फोन केला आणि पैसे गेले तर बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, हे दोन फोन त्याच मिनिटाला.

दुकानात न्यावंच लागलं तर

डिस्कमधून कटकट आवाज येतो, किंवा वरचं सगळं करूनही उठत नाही, तर न्यावंच लागतं. जाण्याआधी एवढं समजून घ्या: विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ फोटो गेले असा होत नाही. ते डिस्कवर बहुधा जसेच्या तसे असतात. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की उतरवता येतात. एन्क्रिप्शन असेल तर तेव्हाही ती ४८ आकडी चावी लागते. २०२० साली एवढं एक वाक्य मला माहीत असतं तर मी त्या मुलाला दारातच सांगितलं असतं.

म्हणून आता सोसायटीतलं कुठलंही यंत्र दुकानात जातं ते वर पांढरी चिकटपट्टी लावून. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात: 'न विचारता फॉरमॅट करू नये. आधी डेटा काढावा.' सोबत वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स, काय केलं आणि काय झालं त्याची. आणि रिकामी बाहेरची डिस्क, डेटा उतरवायला, आपली स्वतःची.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींचा लॅपटॉप वागळे इस्टेटमधल्या एका दुकानात तसाच गेला. दुपारी चारला माझा फोन वाजला. "ताई, तुमची चिठ्ठी वाचली. डिस्क जाते आहे, पण डेटा निघाला, २१४ जीबी. फोटोंचं फोल्डर उघडून बघितलं मी, साखरपुड्याचे दिसतायत. आता मारू का फॉरमॅट?" मी वहिनींना हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला आणि त्याला म्हटलं, "थांब, आधी त्यांना त्यातले दोन फोटो व्हॉट्सॲप कर."